टील पम्पकिन प्रोजेक्ट : दारातला निळसर भोपळा आणि त्याच्याआधी पोचणारी चिठ्ठी

अमेरिकेत 31 ऑक्टोबरला हॅलोवीन असतो, तेव्हा मुले वेष घालून घरोघरी खाऊ मागत फिरतात. त्या संध्याकाळी एखाद्या घरासमोर हिरवट निळा, मोरपिशीकडे झुकणाऱ्या रंगाचा भोपळा ठेवलेला दिसला, तर त्या घरात चॉकलेट-गोळ्यांखेरीज मुलांसाठी एखादी न खाण्याची छोटी भेटही ठेवलेली आहे, असे समजायचे असते. या खुणेमागच्या योजनेचे नाव टील पम्पकिन प्रोजेक्ट. टेनेसी राज्याच्या पूर्व भागात अन्नाची ॲलर्जी असलेल्या मुलांच्या कुटुंबांचा एक स्थानिक गट आहे. त्या गटाने 2012 मध्ये ही प्रथा सुरू केली आणि 2014 पासून ‘फूड ॲलर्जी रिसर्च अँड एज्युकेशन’, अर्थात फेअर, या राष्ट्रीय संस्थेने ती देशभर नेली. मी न्यू जर्सीत राहते आणि माझ्या मुलीला शेंगदाणा व काजू यांची तीव्र ॲलर्जी आहे. त्यामुळे ही योजना आम्ही गेली काही वर्षे दोन्ही अंगांनी अनुभवत आहोत: आमच्या दारात तसा भोपळा असतो आणि मुलगी इतरांच्या दारातले भोपळे शोधत फिरते. माझे मत आधीच सांगून टाकते. योजना फुकट आहे, सोपी आहे आणि तिच्यामागची कल्पना शहाणपणाची आहे. पण एकटा भोपळा फार थोडे काम करतो. त्याच्या आठवडाभर आधी शेजाऱ्यांच्या घरी एक साधी, प्रेमळ चिठ्ठी पोचली, तर मात्र तीच योजना मुलाच्या संध्याकाळचा रंग पालटून टाकते. या परीक्षणाचा मोठा भाग म्हणूनच त्या चिठ्ठीविषयी आहे.

ज्यांच्या घरी हा प्रश्न नाही त्यांना तो किरकोळ वाटू शकतो, म्हणून थोडे सविस्तर सांगते. हॅलोवीनच्या संध्याकाळी अंगणातला दिवा लागलेला असेल तर दार वाजवायचे आणि दिवा बंद असेल तर पुढे जायचे, हा अलिखित नियम सगळ्यांना ठाऊक असतो. आमच्याकडे त्या दिवशी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि मुलांचे खरे फिरणे त्यानंतरच सुरू होते. दार उघडते, मुले ‘ट्रिक ऑर ट्रीट’ (खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू) म्हणतात, समोर टोपले येते आणि अर्ध्या मिनिटात पुढचे घर गाठायचे असते. या घाईत कुठल्याही वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचणे शक्य नसते. शिवाय हॅलोवीनसाठी विकल्या जाणाऱ्या चिमुकल्या वड्यांच्या प्रत्येक वेष्टनावर घटकपदार्थ छापलेले असतातच असे नाही, आणि मोठ्या आकाराची जी वडी चालते तिचीच लहान आवृत्ती वेगळ्या यंत्रावर किंवा थोड्या वेगळ्या घटकांनी बनलेली असू शकते. अमेरिकेच्या कायद्याने दूध, अंडे, मासे, कवचधारी जलचर, झाडावरची कठीण कवचाची फळे, शेंगदाणा, गहू, सोयाबीन आणि 1 जानेवारी 2023 पासून तीळ, असे नऊ पदार्थ वेष्टनावर स्पष्ट लिहिणे सक्तीचे केले आहे. पण ‘यात शेंगदाण्याचा अंश असू शकतो’ ही सूचना छापणे मात्र उत्पादकाच्या मर्जीवर असते. त्यामुळे वेष्टनावर काही लिहिलेले नाही याचा अर्थ ते सुरक्षित आहे असा होत नाही. फेअरच्या माहितीनुसार अमेरिकेत सुमारे 13 मुलांमागे एकाला अन्नाची ॲलर्जी आहे, म्हणजे शाळेच्या जवळजवळ प्रत्येक वर्गात असे एखाददुसरे मूल बसलेले असते.

मराठी घरात तर या ॲलर्जीची झळ वर्षभर लागते. शेंगदाण्याचे कूट हा आपल्या स्वयंपाकाचा पाया आहे. साबुदाण्याची खिचडी, काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, चिवडा, चिक्की, यांतले काहीही आमच्या घरात मूळ रूपात होत नाही. आमची मुलगी त्यामुळे ‘मला हे चालत नाही’ हे वाक्य मराठीत, इंग्रजीत आणि महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेतसुद्धा न अडखळता म्हणते. तरीही हॅलोवीनच्या दिवशी, राजकन्या किंवा अंतराळवीर झालेली असताना, अनोळखी माणसाच्या दारात, मागे मुलांची रांग उभी असताना तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणणे तिला नकोसे होते. एका घरी तिने टोपल्यातला पदार्थ घेतला नाही म्हणून त्या गृहस्थांनी ‘लाजू नकोस, दोन घे’ असा आग्रह केला. हेतू चांगलाच होता, पण मुलीने त्या क्षणी माझा हात पकडला आणि पुढच्या घराच्या पायरीवर ती चढलीच नाही.

टील पम्पकिन प्रोजेक्टचे खरे मोठेपण इथे कळते. या योजनेत खूण घराच्या दारात असते, मुलाच्या अंगावर नसते. मुलाने काही सांगायचे नाही, गळ्यात पट्टी अडकवायची नाही, समजुतीची भाषणे करायची नाहीत. घरानेच आधी जाहीर करायचे, की आमच्याकडे तुला चालेल असे काहीतरी आहे. जे स्पष्टीकरण त्या सात-आठ वर्षांच्या मुलाला दारात उभे राहून द्यावे लागले असते, ते मोठ्या माणसांनी परस्पर उरकून टाकलेले असते. मग मुलाला करायचे उरते ते इतर सगळी मुले करतात तेवढेच: दार वाजवायचे, ओरडायचे आणि हात पुढे करायचा. त्या संध्याकाळी धीट होणे आणि सगळ्यांतले एक असणे या दोन्ही गोष्टी मुलाला इथेच मिळतात असे माझे मत आहे.

योजना वापरायला काही लागत नाही. घराबाहेर ठेवायची पाटी आणि माहितीपत्रके फेअरच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून छापता येतात. भोपळा साध्या रंगाने घरी रंगवता येतो किंवा हंगामात दुकानात तयार प्लास्टिकचा मिळतो, आणि तो पुढच्या वर्षीही चालतो. भाग घेणाऱ्या घरांना आपली नोंद एका नकाशावर करता येते. गोळ्या-चॉकलेटे देणे बंद करावे अशी कुठलीही अट नाही, आणि बहुतेकांना हाच मुद्दा माहीत नसतो. दोन्ही ठेवा, पण वेगवेगळ्या भांड्यांत ठेवा, एवढेच सांगणे आहे. कारण शेंगदाण्याच्या वडीला घासलेली पेन्सिल काही मुलांना त्रासदायक ठरू शकते. भेटींसाठी सुचवलेल्या वस्तूही साध्याच आहेत: अंधारात चमकणाऱ्या कांड्या, स्टिकर, पेन्सिली, साबणाच्या फुग्यांच्या बाटल्या, उसळणारे चेंडू, बोटात घालायच्या बाहुल्या. यांत चमकणाऱ्या कांड्यांना सगळ्यांत जास्त मागणी असते, आणि ज्यांना कसलीही ॲलर्जी नाही अशी मुलेसुद्धा चॉकलेट सोडून त्याच मागतात हे मी आमच्या दारात दर वर्षी पाहते.

दोन सूचना मात्र माझ्या पदरच्या जोडते. मुलांना खेळायला देतात त्या रंगीत मऊ मातीच्या डब्या भेट म्हणून देऊ नयेत. बाजारातल्या सर्वांत प्रसिद्ध मातीत गहू असतो, आणि गव्हाची ॲलर्जी असलेल्या मुलासाठी ती भेट निरुपयोगी किंवा त्याहून वाईट ठरते. तसेच तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती छोटे चेंडू देऊ नयेत, ते घशात अडकतात. न खाण्याची वस्तू म्हणजे आपोआप सुरक्षित वस्तू असे नसते.

आता योजनेच्या मर्यादा. नकाशावर फक्त ज्यांनी स्वतः नोंद केली तीच घरे दिसतात, त्यामुळे भोपळा ठेवूनही नोंद न केलेली घरे त्यावर येत नाहीत, आणि एखाद्या वस्तीत नकाशा कोरा दिसला तरी तिथे भोपळे नाहीतच असे म्हणता येत नाही. दुसरे असे, की ज्याच्या घरी ॲलर्जी असलेले मूल नाही त्याला हा रंग पुष्कळदा नुसता शोभेचा वाटतो. निळसर भोपळा छान दिसतो म्हणून आणणारे आणि आत फक्त शेंगदाण्याच्या वड्या ठेवणारे लोकही भेटतात, आणि त्यांचा काही दोष नसतो. तिसरी मर्यादा मला सर्वांत महत्त्वाची वाटते. भोपळा सर्वांसाठी असतो, त्यामुळे तो कुणा एकाशी बोलत नाही. ‘तू येणार आहेस हे आम्हाला माहीत आहे आणि आम्ही तुझी वाट पाहत आहोत’, हे मुलाला भोपळ्याकडून कळत नाही. ते चिठ्ठीतूनच कळते.

आम्ही ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या घरांना चिठ्ठ्या पाठवतो. इथे एक व्यावहारिक गोष्ट लक्षात ठेवावी: अमेरिकेत घराबाहेरच्या टपालपेटीत तिकीट न लावलेले पत्र टाकणे बेकायदा आहे, मग ते शेजाऱ्याने शेजाऱ्याला लिहिलेले का असेना. म्हणून एक तर तिकीट लावून टपालाने पाठवावे किंवा दार वाजवून हातात द्यावे. जवळच्या घरी आम्ही हातात देतो, मुलीला सोबत घेऊन. दूरच्या घरी टपालाने पाठवतो. दिवसाउजेडी, रोजच्या कपड्यांत, मुखवटा न घातलेल्या माणसाच्या हातात चिठ्ठी देताना त्या दाराची मुलीला एकदा ओळख होते, आणि 31 तारखेला तेच दार कोळिष्टके लावून भयाण केलेले असले तरी ते तिच्या ओळखीचे असते.

चिठ्ठीचा मजकूर आम्ही अर्थातच इंग्रजीत लिहितो. मराठीत तो साधारण असा होईल: ‘नमस्कार. आम्ही कोपऱ्यावरच्या पांढऱ्या घरात राहतो. आमची मुलगी या वर्षी वटवाघूळ होऊन तुमच्याकडे येणार आहे. तिला शेंगदाणा आणि काजू चालत नाहीत, म्हणून सोबत एक छोटी पुडी पाठवत आहोत. ती दारात आली की तुमच्या टोपल्याऐवजी ही पुडी तिच्या पिशवीत टाकलीत तर तिला फार आनंद होईल. तुम्हाला जमले नाही तरी हरकत नाही, ती तुमची सजावट पाहायला येईलच. तुमच्या दारातला आवाज करणारा काळा मांजर आम्हा सगळ्यांना आवडतो.’ खाली मुलीने स्वतः काढलेले वटवाघूळ आणि तिचे नाव. पुडीत स्टिकर आणि एक चमकणारी कांडी.

या मजकुरात तीन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. पहिली म्हणजे शेजाऱ्यावर खर्चाचा किंवा खरेदीचा कोणताही भार टाकलेला नाही. दुसरी म्हणजे नाही म्हणायची वाट मोकळी ठेवली आहे, कारण भीड घालून मिळवलेली मदत दारात उभ्या असलेल्या मुलाला लगेच जाणवते. तिसरी म्हणजे मुलीची ओळख आजारापासून सुरू होत नाही. ती वटवाघळापासून सुरू होते. इंटरनेटवर अशा चिठ्ठ्यांचे जे तयार नमुने फिरतात त्यांतले बरेच मी वाचले, आणि त्यांतल्या पुष्कळांमध्ये पहिल्याच ओळीत ‘जीवघेणी’ हा शब्द येतो. वैद्यकीयदृष्ट्या तो खरा आहे, हे मला कुणी सांगायला नको. आम्ही एपिनेफ्रिनची, म्हणजे ॲलर्जीचा तीव्र झटका आल्यास तातडीने द्यायच्या औषधाची, दोन इंजेक्शने बरोबर घेतल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकत नाही. पण शेजाऱ्याला घाबरवून आपले मूल त्याच्या दारात आपलेसे होत नाही. घाबरलेला माणूस जपून वागतो, आणि जपून वागणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू नसते.

आमच्या गल्लीत राहणाऱ्या, मूळच्या नागपूरच्या एका काकूंनी चिठ्ठी वाचून मला फोन केला होता. ‘अगं, पुडी कशाला पाठवलीस? मला सरळ सांग ना काय आणू ते. पोरगी आपली आहे, तिला मी तुझ्याच घरातलं उचलून देऊ होय?’ असे त्यांचे म्हणणे. तेव्हापासून चिठ्ठीच्या मागच्या बाजूला आम्ही चार-पाच वस्तूंची नावे लिहितो, ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी. काकू आता दोन भांडी ठेवतात, आणि त्यांच्या दारात निळसर भोपळ्याच्या शेजारी चक्क पणती लावलेली असते. भारतातल्या पंचांगाप्रमाणे 2024 मध्ये नरकचतुर्दशी आणि हॅलोवीन एकाच दिवशी, 31 ऑक्टोबरला आले होते, तेव्हापासून त्यांनी ही प्रथा सुरू केली आहे. त्या संध्याकाळी त्यांच्या अंगणात वेष घालून आलेल्या बिगरभारतीय मुलांना पणती ही हॅलोवीनचीच सजावट वाटली, आणि काकूंनीही ती समजूत दुरुस्त करायची घाई केली नाही.

चिठ्ठीचा खरा लाभ मात्र उत्तरांमध्ये आहे, आणि त्याची मला सुरुवातीला कल्पना नव्हती. समोरच्या रस्त्यावर एका घरी दर वर्षी 12 फुटी सांगाडा उभा करतात. होम डेपो या दुकानाने 2020 मध्ये हा सांगाडा विकायला काढला आणि तेव्हापासून अमेरिकेच्या अंगणांत तो जणू हॅलोवीनचा ग्रामदैवत झाला आहे. त्याचे डोळे अंधारात हलतात. आमच्या मुलीला त्याची इतकी भीती, की त्या बाजूच्या पदपथावरून ती चालत नसे. चिठ्ठीत मी याचा उल्लेख केला नव्हता. मुलीने चित्राखाली स्वतःच्या अक्षरात ‘मला तुमच्या मोठ्या सांगाड्याची भीती वाटते’ असे एक वाक्य लिहून ठेवले होते.

चार दिवसांनी तिच्या नावाने टपालाने उत्तर आले, सांगाड्याच्या सहीचे. त्या घरच्या निवृत्त आजोबांनी ते मोठ्या, थोड्या थरथरत्या अक्षरात लिहिले होते. सांगाडा लिहीत होता, की मला आत मोटर वगैरे काही नाही, फक्त डोळ्यांत दोन छोटे पडदे आहेत आणि त्यांना लागणाऱ्या बॅटऱ्या आजोबा दर वर्षी शिडीवर चढून बदलतात; की माझे पाय दोऱ्यांनी जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांना बांधलेले आहेत, त्यामुळे मी इच्छा असूनही तुझ्यामागे येऊ शकत नाही; की वारा आला की मलाच भीती वाटते, कारण परवा माझा डावा हात खाली पडला होता. शेवटी त्याने विचारले होते: ‘तू आलीस तर माझ्या डाव्या हाताचा स्क्रू घट्ट आहे का ते बघशील?’ मुलीने ते पत्र इतक्यांदा वाचून घेतले, की त्याची घडी फाटायला आली. 31 तारखेला ती त्या घरी गेली, सांगाड्यापासून दोन हात अंतर ठेवून उभी राहिली आणि आजोबांना म्हणाली, ‘स्क्रू ठीक आहे.’ पुडी घ्यायला ती विसरली; आजोबांनी मागून हाक मारून दिली.

या पत्राने जे साधले ते कुठल्याही समजावणीने साधले नसते. आम्ही तिला ‘घाबरू नकोस, ते खोटे असते’ असे कितीदा तरी सांगितले होते, आणि त्याचा उपयोग झाला नव्हता. कारण भीती खोटी आहे असे सांगण्यात मुलाला आपल्यालाच चुकीचे ठरवल्याचा भास होतो. आजोबांनी भीती मान्य केली, सांगाडा कसा काम करतो ते जसे आहे तसे सांगितले आणि वर तिच्यावर एक जबाबदारी टाकली. काम घेऊन आलेले मूल घाबरलेल्या मुलापेक्षा वेगळ्या पावलांनी चालते. ज्यांच्या घरी हालचाल ओळखून किंचाळणारी चेटकीण, धुराचे यंत्र किंवा पंख्याने फुगणारा राक्षस असेल, त्यांनी शेजारच्या लहान मुलांना असे एखादे पत्र आपणहून लिहावे अशी माझी मनापासून शिफारस आहे. त्यासाठी ॲलर्जी असण्याची गरज नाही.

ॲलर्जीव्यतिरिक्तही हेच तत्त्व लागू पडते. चाकांच्या खुर्चीवरून फिरणाऱ्या मुलाला अडवतात त्या अंगणातल्या पायऱ्या. टार्गेट या दुकानाने 2019 पासून अशा मुलांसाठी खुर्चीला समुद्री चाच्यांचे जहाज किंवा राजकन्येचा रथ बनवणारी आवरणे विकायला आणली, ते कौतुकास्पदच आहे, पण जहाज पायऱ्या चढत नाही. ‘साडेसहाला टोपले घेऊन पायरीखाली येऊन उभे राहाल का’, एवढी एक ओळ आधी पोचली तर काम होते. जे मूल बोलत नाही, त्याच्याकडून ‘ट्रिक ऑर ट्रीट’ म्हणवून घेण्याचा आग्रह दारात होतो तो पुष्कळदा अज्ञानापोटी होतो, आणि तोही एका ओळीने टळतो. स्वमग्न मुलांसाठी भोपळ्याच्या आकाराची निळी बादली हाती द्यावी अशी एक प्रथा गेल्या काही वर्षांत समाजमाध्यमांवरून पसरली आहे. तिच्यामागच्या आईवडिलांची तळमळ मला कळते. तरीही तिथे खूण पुन्हा मुलाच्या हातात जाते आणि सगळ्या गल्लीला ती दिसते, म्हणून मला ती तितकी पटत नाही. अनेक पालकांचाही तिच्याविषयी असाच आक्षेप आहे. मुलाला स्वतःला ती बादली हवी असेल तर गोष्ट वेगळी.

पत्रांचा आणखी एक प्रकार बाजारात मिळतो: रात्री मुलाच्या उशाशी येणारी चेटकीण नको असलेली चॉकलेटे घेऊन जाते आणि बदल्यात खेळणे व चिठ्ठी ठेवते. याचे तयार संच विकले जातात. आम्ही तो विकत न घेता चिठ्ठी घरीच लिहिली, आणि संचाची गरज भासली नाही. हा उपाय वाईट नाही, पण तो सगळे संपल्यावरचा आहे. न चालणारा पदार्थ तोवर पिशवीत शिरलेला असतो आणि लहान भावंडांच्या हाताशी असतो. जमा झालेली चॉकलेटे काही दंतवैद्य विकत घेतात, आणि ऑपरेशन ग्रॅटिट्यूड नावाची संस्था अशी चॉकलेटे गोळा करून मुलांच्या पत्रांसह सैनिकांना पाठवते. आमच्या मुलीला हा दुसरा मार्ग चेटकिणीपेक्षा जास्त आवडला, कारण त्यात तिला स्वतःला पत्र लिहायला मिळाले.

खर्चाचा विचार करायचा तर योजना फुकट आहे. टपालाच्या तिकिटाला जुलै 2025 मध्ये 78 सेंट लागत होते, म्हणजे त्या दराने वीस घरांना टपालाने चिठ्ठ्या पाठवायच्या तर साडेपंधरा डॉलरांच्या आसपास. हातात दिल्यास तेही वाचतात. पुडीतल्या वस्तू एकगठ्ठा घेतल्यास स्वस्त पडतात, मात्र त्या ऑक्टोबर उजाडण्यापूर्वी घ्याव्यात, नंतर चमकणाऱ्या कांड्या दुकानात सापडत नाहीत. मोठ्या इमारतीत राहणाऱ्यांनी चिठ्ठी दारोदार देण्याऐवजी तळमजल्यावरच्या फलकासाठी व्यवस्थापकाची परवानगी घेऊन एकच मोठे पत्र लावावे, आणि त्यात मुलाचे नाव किंवा घरक्रमांक लिहू नये. नवीन वस्तीत राहायला आलेल्या, शेजारी अजून परिचयाचे नसलेल्या कुटुंबांनी पहिल्या वर्षी ओळखीच्या तीन-चार घरांपुरतेच फिरावे असे मला वाटते. तेवढ्या घरांमध्येही मुलाची संध्याकाळ भरून जाते. चिठ्ठी पाठवली, उत्तर आले, पुडी तयार आहे, तरीसुद्धा पिशवीतली प्रत्येक वस्तू घरी आल्यावर उजेडात तपासल्याशिवाय मुलाच्या हाती देऊ नये आणि औषध जवळ असल्याशिवाय बाहेर पडू नये. वरच्या पत्रांमुळे या काळजीत काडीचाही फरक पडत नाही.

ज्यांना या वर्षी सुरुवात करायची आहे त्यांनी फेअरच्या पाटीपासून करावी, नकाशावर नोंद करावी, आणि उरलेला वेळ मुलाला शेजारी बसवून पहिली चिठ्ठी लिहिण्यात घालवावा. चित्र मुलाला काढू द्यावे, शुद्धलेखन तपासू नये, आणि चित्राखाली त्याला आपल्या मनातले एक वाक्य लिहायचे असेल तर ते काय आहे हे विचारू नये.